फ्रँकफर्टला जाताना बँकेचं सिम कुठे असेल?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना असलेल्या एका वाचकांचं पत्र आलंय. जानेवारीत ते फ्रँकफर्टच्या हाइमटेक्स्टिल या घरगुती कापडाच्या प्रदर्शनाला निघालेत, पत्नीही बरोबर आहेत. प्रदर्शन संपलं की चार दिवस स्वित्झर्लंड. १० तारखेला निघून २२ ला परत. मोबाइल कंपनीने दोघांच्या नंबरांना दहा दिवसांचा रोमिंग पॅक सांगितलाय, प्रत्येकी सुमारे ३,००० रुपयांचा. मुलगा म्हणतो, "बाबा, ई-सिमवाला नवा फोन घ्या, ४२ हजारांत येतो, तिकडचं नेट स्वस्तात पडेल." (ई-सिम म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम.) भागीदार म्हणतात, इथलं सिम काढून कपाटात ठेवा, तिकडचं घाला, विषय संपला. मुंबईतल्या एका विक्रेत्याने युरोपात चालणारं साधं सिम १,४०० रुपयांना देऊ केलंय, १५ दिवस आणि १० जीबी. यातलं काय करावं, असा प्रश्न आहे.

नवा फोन घेऊ नका. आणि भागीदारांचा सल्ला तर मुळीच ऐकू नका.

आधी भागीदारांचं बोलते, कारण त्यात खरा धोका आहे. जुळे सोलापुरातलं एक निवृत्त जोडपं माझ्याकडे गुंतवणुकीसाठी येतं. अडीच महिने मुलाकडे कॅनडाला गेले. सिम हरवायला नको म्हणून काकूंनी दोघांचीही सिमं काढून देव्हाऱ्यातल्या कुंकवाच्या करंड्यात ठेवली आणि करंडा बंद करून घराला कुलूप लावलं. तिकडे गेल्यावर क्रेडिट कार्डाचं बिल भरायला बसले, तर ओटीपी करंड्यात! शेजाऱ्यांकडे किल्ली नव्हती. मध्येच रिचार्जची मुदतही संपली. परत आले तोवर दंड, व्याज आणि व्याजावरचा जीएसटी असं सगळं बिलात चढलं होतं. जाण्याआधी मी त्यांना विम्याचं विचारलं, डॉलरचं विचारलं, सिमचं विचारलं नाही. त्याची मला आजही रुखरुख वाटते. म्हणून तुमचं पत्र आलं तेव्हा सगळी कामं बाजूला ठेवून हे लिहायला घेतलं.

तुमची तर फर्म आहे. तुमची जीएसटीआर-३बी, म्हणजे महिन्याचं जीएसटीचं विवरणपत्र, २० तारखेपर्यंत जायला हवी आणि तेव्हा तुम्ही स्वित्झर्लंडमध्ये असणार. सीएच्या ऑफिसातून फोन येणारच, "साहेब, ओटीपी सांगा." सुताच्या व्यापाऱ्याचं पेमेंट, कामगारांचे पगार, सगळ्याला तोच नंबर. त्यामुळे तुमचं भारतातलं सिम सगळे १३ दिवस फोनमध्ये आणि चालू राहिलं पाहिजे. काटकसर करायची ती इंटरनेटवर करा, या नंबरावर नको.

तुमच्या सध्याच्या फोनला दोन सिमची सोय आहे, असं तुम्हीच लिहिलंय. मग ४२ हजार कशाला? दुसऱ्या खाचेत मेमरी कार्ड असेल तर ते काढून ठेवा, तिथे युरोपचं सिम बसेल. एका सिमवर बँक, दुसऱ्यावर नेट. फोन बदलायचाच असेल तर परत आल्यावर सावकाश बदला, कारण नव्या फोनवर यूपीआय सुरू करायला त्याच सिमवरून एसएमएस जावा लागतो आणि सुरुवातीला रकमेवर मर्यादा असते. ऐन निघायच्या आठवड्यात हा घोळ नको. त्याच कारणासाठी आत्ता तुमच्या भारतातल्या नंबराचं ई-सिम करून घेऊ नका, की सिमही बदलू नका. सिम बदललं की पुढचे २४ तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत, आणि काही बँका त्यानंतरही काही काळ व्यवहार अडवून धरतात.

आता पॅकचा हिशेब. पॅक दहा दिवसांचा आणि प्रवास तेरा दिवसांचा. शेवटच्या तीन दिवसांसाठी दोघांनाही पुन्हा पॅक घ्यावा लागेल, म्हणजे सहा हजारांचे बारा हजार. हे तुमच्या पत्रात नव्हतं, कारण विकणाऱ्याने तुमच्या तारखा विचारल्याच नाहीत. युरोपची दोन सिमं घेतली तर २,८००. त्याच्या जोडीला तुमच्या भारतातल्या नंबराचं नुसतं आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्यायचं, इंटरनेट पॅकशिवाय. रोमिंगमध्ये आलेल्या एसएमएसला सहसा पैसे लागत नाहीत, तरी निघण्यापूर्वी कंपनीला हा एक प्रश्न विचारून घ्या. प्रवास तीन-चार दिवसांचा असता, तर मीच म्हटलं असतं की पॅक घ्या आणि डोकं शांत ठेवा.

रोमिंग इथूनच चालू करा. तिकडे पोचल्यावर ते चालू करायला ओटीपी लागला, तर तो यायचा कुठून?

फोनची सेटिंग मुलाला समोर बसवून करून घ्या, रात्री जेवणानंतर, घाईत नाही. मोबाइल डेटासाठी युरोपचं सिम निवडायचं. भारतातल्या सिमचं डेटा रोमिंग बंद. आणि बऱ्याच फोनमध्ये नेट मंद झालं की आपोआप दुसऱ्या सिमवर जाण्याची सोय असते, ती शोधून बंद करायची. माझ्या मते बिल फुगण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे. माणूस समजतो, आपण स्वस्त सिमवर आहोत, आणि फोन मात्र प्रदर्शनाच्या गर्दीत गुपचूप महाग सिमवर जाऊन बसतो. तुमचं कनेक्शन पोस्टपेड आहे, म्हणजे बॅलन्स संपून नेट थांबेल ही सोयही नाही. कॉल फॉरवर्डिंगही काढून टाका. विमानात फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. काही विमानांत स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं आणि त्याचे दर निराळेच असतात.

व्हॉट्सअॅप तुमच्या जुन्याच नंबरावर राहतं, डेटा कुठल्याही सिमचा असो. नंबर बदलायचा का, असं विचारलं तर ‘नाही’ म्हणा. जर्मनीचे खरेदीदार तुम्हाला तिथेच शोधणार. इथून साधा फोन आला तर उचलू नका, रोमिंगमध्ये येणाऱ्या फोनलाही मिनिटाला पैसे पडतात. कारखान्यातल्या मास्तरांना आधीच सांगून ठेवा की व्हॉट्सअॅपवरच करा.

सिम तिकडे उतरूनच घेऊ, असाही विचार मनात येईल. जर्मनीत २०१७ पासून प्रीपेड सिमला ओळखपत्राची पडताळणी लागते. उतरल्या उतरल्या त्यात वेळ घालवण्यापेक्षा इथूनच नेलेलं बरं.

स्वित्झर्लंडकडे मात्र लक्ष द्या. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात जादा रोमिंग न लागता चालतं, पण स्वित्झर्लंड संघात नाही. रेल्वेने बासेलला पोचलात की फोन स्विस नेटवर्क धरेल, आणि सिमच्या यादीत तो देश नसेल तर एक तर नेट बंद पडेल, नाही तर पैसे उडतील. विक्रेत्याकडून देशांची यादी मागवा, त्यात स्वित्झर्लंडचं नाव स्वतः वाचा, मगच पैसे द्या.

वहिनींना तुमच्या फोनच्या हॉटस्पॉटवर भागवता येईल, असं तुम्ही सुचवलंय. पटत नाही. तुम्ही दिवसभर हॉलमध्ये असाल आणि वहिनी परक्या शहरात एकट्या. १,४०० रुपये वाचवायची ही जागा नव्हे. तुमच्या सिमचा खर्च फर्मच्या नावावर, बिलावर जीएसटी नंबर घालून. वहिनींचा घरखर्चातून.

फ्रँकफर्टला उतरलात की बाहेर पडण्याआधी विमानतळाच्या वायफायवर बँकेत लॉगिन करून बघा. ओटीपी आला तर ठीक. नाही आला तर भारतातल्या सिमचं नेटवर्क हाताने बदलून दुसरं निवडा, बहुतेक वेळा येतो. कार्डांचा परदेशी वापर मात्र इथूनच चालू करून जा. २०२० पासून नवी कार्डं फक्त देशातल्या वापरासाठीच सुरू होऊन येतात.

प्रदर्शन ऐन गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांच्या, यात्रेच्या दिवसांत आहे, त्याचं वाईट वाटतंय असं तुम्ही शेवटी लिहिलंत. यात्रेतला अक्षता सोहळा मोबाइलवर थेट बघता येईल. घड्याळ साडेचार तास मागे असल्याने तिकडे तेव्हा सकाळ असेल. फक्त हॉटेलच्या वायफायवर बघा. व्हिडिओइतका डेटा दुसरं काही खात नाही आणि दहा जीबी अजून स्वित्झर्लंडलाही पुरवायचे आहेत. वहिनींच्या फोनवर लावा, तुमचा फोन ओटीपीसाठी मोकळा ठेवा.