वाचकांचे प्रश्न: तंत्रज्ञान क्षेत्रात बायका कमी का?

प्रश्न : ‘बायकांना कोडिंगची मुळात आवडच कमी’ असं सर्रास ऐकू येतं. यात तथ्य किती?

आवडीच्या पाहण्यांमध्ये स्त्री-पुरुषांत सरासरी फरक दिसतो, हे खरं. पण तो फरक जन्मजात असता, तर एका पिढीत आकडे असे हलले नसते. अमेरिकेत १९८४ च्या सुमारास कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीधरांत सुमारे ३७ टक्के स्त्रिया होत्या. पुढच्या पंचवीसेक वर्षांत हे प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास आलं. मलेशियात मात्र याच विषयाच्या वर्गांत मुली निम्म्याच्या घरात असतात.

‘प्रोग्रामर म्हणजे एकलकोंडा पुरुष’ ही प्रतिमाही कुणीतरी घडवलेलीच आहे. एनिॲक या सुरुवातीच्या संगणकाचं प्रोग्रामिंग सहा स्त्रियांनी केलं होतं. पुढे १९६६ मध्ये कॅनन आणि पेरी या मानसशास्त्रज्ञांनी १,३७८ प्रोग्रामरांचा अभ्यास करून चांगल्या प्रोग्रामरला माणसांत फारसा रस नसतो, असा निष्कर्ष काढला. त्या १,३७८ जणांत स्त्रिया होत्या फक्त १८६. अशा साच्यावर माणसं निवडली की साच्यातलीच माणसं भरली जातात आणि मग तोच साचा नैसर्गिक वाटू लागतो.

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९५ मध्ये कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश घेणाऱ्यांत मुली ७ टक्के होत्या, २००० मध्ये ४२ टक्के. मधल्या काळात प्रवेशासाठी आधीच्या कोडिंगला दिलं जाणारं वजन कमी केलं गेलं आणि नवख्यांसाठी वेगळे सुरुवातीचे वर्ग ठेवले गेले. मुलींची आवड पाच वर्षांत सहापट झाली, असं कुणी म्हणणार नाही. बदललं होतं ते दार.

प्रश्न : आमच्या २४ जणांच्या टीममध्ये तीनच मुली आहेत. एचआर म्हणतं, अर्जच येत नाहीत. टीम लीड म्हणून मी काय करू?

आधी मोजा. गेल्या दोन वर्षांच्या भरतीचा तक्ता करा: अर्ज, रेझ्युमेची चाळणी, फोनवरची मुलाखत, तांत्रिक फेरी, ऑफर, रुजू. प्रत्येक टप्प्यावर स्त्रिया किती, पुरुष किती. २०० अर्जांत ५० मुलींचे आणि तांत्रिक फेरीला बोलावलेल्या ४० जणांत त्या ४ असतील, तर ‘अर्ज येत नाहीत’ हे कारण तिथेच निकालात निघतं. दोषी आहे ती चाळणी. एकाच तिमाहीचे आकडे मात्र धरू नका, कारण पाच जणींत एकीच्या फरकानेही २० टक्के हलतात.

गळती अर्जापाशीच असेल तर नोकरीची जाहिरात पुन्हा वाचून बघा. प्रत्येक ‘आवश्यक’ कौशल्यापुढे स्वतःला विचारा, हे नसेल तर मी माणूस नाकारीन का? उत्तर ‘नाही’ असेल तर ते खोडा. बहुतेक वेळा बारापैकी चार-पाचच उरतात. ओळखीतून आलेली नावंही वेगळी मोजा, कारण २१ पुरुष ज्यांची नावं सुचवतात त्यांत बहुतेक पुरुषच असतात.

मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारा. चांगलं उत्तर कशाला म्हणायचं हे आधी लिहून ठेवा आणि प्रत्येकाने १ ते ४ गुण चर्चेआधी, एकट्याने द्यावेत. हीच पायरी लोक घाईत गाळतात. मग सीनियर आधी बोलतो आणि बाकीचे आपले गुण त्याच्याकडे सरकवतात. ‘आपल्यात बसेल असं वाटत नाही’ हा शेरा चालवून घेऊ नका, नेमकं काय खटकलं ते लिहायला लावा. आणि अंतिम यादीत एकच स्त्री असेल तर यादी बंद करायची घाई नको. एका विद्यापीठातल्या भरतीचं विश्लेषण २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं, त्यात शेवटच्या चौघांत एकटी असलेल्या स्त्रीची निवड होण्याची शक्यता जवळजवळ शून्य निघाली.

प्रश्न : मीटिंगच्या नोंदी, नव्या लोकांना शिकवणं, समन्वय, सगळं माझ्याकडे. अप्रेझलमध्ये मात्र ‘थोडं नरमाईने बोला’. प्रमोशन अडकलंय.

चार आठवडे रोज नोंद ठेवा: काम, लागलेले तास, कुणी सांगितलं, आणि प्रमोशनच्या निकषांत ते मोजलं जातं का. तो कागद मॅनेजरसमोर ठेवून दोनच गोष्टी मागा. नोंदी घेण्याची पाळी सगळ्यांत फिरावी, आणि पुढच्या तिमाहीत एका मोठ्या भागाचं डिझाइन तुमच्या नावावर असावं. ‘मी खूप काम करते’ असं मोघम सांगितलं की कौतुक होतं आणि विषय तिथेच संपतो.

नरमाईच्या शेऱ्यावर तीन प्रश्न विचारा: कुठल्या मीटिंगमध्ये, कामावर काय परिणाम झाला, त्याऐवजी काय करायला हवं होतं? २०१४ मध्ये तंत्रज्ञान क्षेत्रातली २४८ अप्रेझल तपासली गेली, तेव्हा पुरुषांच्या ५९ टक्के तर स्त्रियांच्या ८८ टक्के अप्रेझलमध्ये टीका आढळली. स्वभावावरची टीका जवळजवळ सगळी स्त्रियांवरच होती. उत्तरं ईमेलवर घ्या. तोंडी सांगितलेलं पुढच्या अप्रेझलपर्यंत टिकत नाही.