प्रश्न तुमचे: वजन वाढवू नका, आधी आडवे व्हा

प्रश्न: ताई, माझं वय 34. बेंच प्रेस 80 किलोपर्यंत जातो. दोन महिन्यांपासून उजवा खांदा दुखतोय. हात बाजूने वर नेताना मध्येच कळ येते, पूर्ण वर गेला की थांबते. ट्रेनरने रोटेटर कफचा (खांद्याच्या सांध्याभोवतीच्या छोट्या स्नायूंचा) व्यायाम दिलाय: उभं राहायचं, कोपर कमरेला लावायचा आणि पाच किलोचं डंबेल आत-बाहेर फिरवायचं. वर्कआउटच्या सुरुवातीलाच तीन सेट. काडीचा फरक नाही. वजन वाढवू का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर: अजिबात नको. हा प्रकार मी जिमजिममध्ये आरशासमोर मन लावून चाललेला पाहते. डंबेलचा भार ओढतो जमिनीकडे आणि तुम्ही हात फिरवता आडवा. त्यामुळे हात बाहेर नेताना कफला विरोध जवळजवळ मिळतच नाही. पाच किलो तोलून धरतो तो बायसेप्स. शेवटी दंडच भरून येतो ना? मग झालं.

त्याऐवजी डाव्या कुशीवर झोपा. उजवा कोपर काटकोनात, बरगड्या आणि कोपर यांच्यामध्ये नॅपकिनची घडी. मूठ पोटापासून छताकडे सावकाश न्या, उतरवताना मनात तीन मोजा. वजन एक किलो, 15 रेप्स, दोन सेट. एवढं हलकं डंबेल जिममध्ये नसेल तर लिटरची पाण्याची भरलेली बाटली घ्या. (मित्र हसतील. हसू देत.) शेवटच्या काही रेप्सना खांद्याच्या मागच्या बाजूला, फऱ्यावर जळजळ जाणवली की समजा, नेम बरोबर लागला. उभं राहूनच करायचं असेल तर दाराच्या कडीला रबर बँड बांधा, म्हणजे ओढ आडवी मिळते.

कफमध्ये चार छोटे स्नायू आहेत: सुप्रास्पायनॅटस, इन्फ्रास्पायनॅटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. खांद्याची खोबण उथळ असते. डेल्टॉइड, म्हणजे खांद्यावरचा मोठा स्नायू, दंडाचं हाड वर खेचतो, तेव्हा त्याचा गोल माथा खोबणीच्या मध्यावर धरून ठेवायचं काम या चौघांचं. म्हणूनच हे व्यायाम सुरुवातीला नकोत. आधी त्यांनाच दमवलं, तर 80 किलोच्या बारखाली खांदा सांभाळणार कोण? बेंचआधी बँडचा एक हलका सेट ठीक, खरं काम शेवटी, आठवड्यातून तीनदा.

हात बाजूने वर नेताना साधारण 60 ते 120 अंशांत कळ आणि पुढे आराम, हे कफच्या दुखण्यात नेहमी दिसणारं लक्षण. पण पत्रावरून निदान होत नाही, एकदा फिजिओला दाखवाच. तोवर मानेमागून प्रेस बंद. बेंचवर कोपर खांद्याच्या सरळ रेषेत पसरू नका, अंगापासून 45 ते 60 अंशांवर ठेवा, आणि दुखणं चढणार नाही इतपतच प्लेट्स लावा. बेंचचं, म्हणजे छातीचं, तुम्ही लिहिलंत, पाठीचा मात्र पत्रात उल्लेखच नाही! रोइंग (वजन अंगाकडे ओढायचा व्यायाम) सुरू करा. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. मात्र रात्री झोपमोड होत असेल, पडल्यानंतर हात उचलताच येत नसेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर वाट न पाहता अस्थिरोगतज्ज्ञ गाठा.

प्रश्न: तालमीत मुदगल फिरवतो, वय 52. कफसाठी वेगळं काही करायला हवं का?
– एक वाचक, मिरज

उत्तर: दुखत नसेल तर मुदगल सोडू नका. पाठीमागे झुललेला मुदगल आवरताना कफला चांगलाच जोर लावावा लागतो. पण त्याचं वजन किलो-अर्धा किलोने वाढवता येत नाही, म्हणून कुशीवरचा वरचा व्यायाम जोडीला ठेवा. आणि मधुमेह असून हात मागे नेणं दिवसेंदिवस जड जात असेल, तर मुदगल खाली ठेवून आधी तपासून घ्या. तो फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा, असू शकतो आणि त्याचे व्यायाम वेगळे.