उत्तराखंडातल्या मुनस्यारीला पहिल्यांदा जाताय ना?

पुण्याहून निघणारे बहुतेक जण रजेचे दिवस मोजून घेतात आणि तिथेच फसतात. मुनस्यारीला निदान आठ दिवस द्या. दिल्लीहून रात्रीची राणीखेत एक्स्प्रेस पहाटे काठगोदामला पोचवते, पण खरा प्रवास तिथून पुढे. अडीचशेहून जास्त किलोमीटर, सगळा घाट. अल्मोडा किंवा चौकोडीला मुक्काम कराच. पहिल्या खेपेला मी एका दमात गेले आणि दुसरा अख्खा दिवस डोकं धरून खोलीत पडून होते. समोर पंचाचुलीची हिमशिखरं होती हो! अजून हळहळ वाटते.

ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. पावसाळ्यात मात्र नको. दरडी कोसळून रस्ता बंद होतो.

पंचाचुली म्हणजे पाच शिखरं. स्वर्गाकडे निघालेल्या पांडवांनी इथे पाच चुलींवर शेवटचं जेवण रांधलं, अशी कथा. शिखरं गावाच्या पूर्वेला आहेत, त्यामुळे सूर्यास्ताचा उजेड थेट बर्फावर पडतो. आधी केशरी, मग गुलाबी, मग राखाडी. ती वेळ बाजारात घालवू नका.

गावाच्या वरचा खलिया टॉपचा ट्रेक करायचा असेल तर दोन महिने आधीपासून दर रविवारी सिंहगड चढा. खलिया टॉपची उंची साडेतीन हजार मीटरच्या आसपास आहे. गावात एक दिवस थांबून मगच वर जा. रोख पैसे जवळ ठेवा. आणि येताना तिथला पांढरा राजमा आणाच, फार सुरेख शिजतो.