मुलीला विमानांची आवड आहे. साताऱ्याकडे कॅडेट गट मिळेल का, आणि तिथे महिनाभर काय चालतं?

तुमची मुलगी आठवीत आहे, अमेरिकेतला तुमचा भाचा सिव्हिल एअर पट्रोलचा कॅडेट आहे, त्याचे गणवेशातले आणि छोट्या विमानातले फोटो बघून तिनं 'मलाही हेच हवं' असा हट्ट धरलाय. सातारा-सांगलीकडे असं काही आहे का आणि असलं तर मुलं तिथे नेमकं करतात काय, असा तुमचा प्रश्न. मी वायुसेनेत एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा तंत्रज्ञ होतो. निवृत्तीनंतर साताऱ्यात असतो आणि रविवारी सकाळी भरणाऱ्या एका छोट्या कॅडेट गटात मुलांना शिकवतो. शिकवणारे सगळे बिनपगारी: काही माजी सैनिक, भौतिकशास्त्राच्या एक बाई, एक सर्व्हेअर. त्यामुळे आतून दिसतं तसं सांगतो.

आधी भाच्याच्या संस्थेबद्दल, कारण नुसत्या फोटोंवरून अंदाज चुकतो. सिव्हिल एअर पट्रोल १ डिसेंबर १९४१ ला सुरू झाली. युद्धाच्या काळात तिथल्या नागरी वैमानिकांनी साधी खासगी विमानं घेऊन किनाऱ्यालगत जर्मन पाणबुड्यांवर नजर ठेवली. १९४८ पासून ती अमेरिकी वायुसेनेची सहायक संस्था आहे. हरवलेली विमानं आणि माणसं शोधणं हे तिचं मोठं काम. मुलांना बाराव्या वर्षापासून घेतात. आठवड्यातली एक संध्याकाळ ठरलेली, महिन्यातून एखादा शनिवार बाहेर. अठरा वर्षांच्या आत दहा ओळख-उड्डाणं फुकट मिळतात, पाच उड्डाणं इंजिन असलेल्या विमानात आणि पाच ग्लायडरमध्ये, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानात. म्हणजे फोटोतलं विमान खरंच आहे, पण ते इतक्या वर्षांत मिळून दहा वेळा. उरलेल्या सगळ्या संध्याकाळी तुमचा भाचा कवायत करतो, व्यायाम करतो, विमानविद्येचे धडे घेतो आणि लहान कॅडेटना शिकवतो. मुलीला हे आधीच सांगून ठेवा.

आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे एनसीसीची एअर विंग, म्हणजे हवाई शाखा. एनसीसी १९४८ च्या कायद्यानं आली आणि एअर विंग १९५० मध्ये. शाळेतल्या मुलांसाठी ज्युनिअर विभाग, कॉलेजसाठी सीनिअर. अडचण अशी की आपल्या भागातल्या बहुतेक शाळा-कॉलेजांत मिळते ती आर्मी विंग. एअर विंग हवी तर पुण्याकडे बघावं लागतं. म्हणून मुलीच्या शाळेत एनसीसी असेल तर विंग कुठली याचा फार विचार न करता नाव घाला. कवायत, नकाशावाचन, फायरिंग, दहा दिवसांचा कॅम्प हे आर्मी विंगमध्येही तितकंच चांगलं होतं, आणि पुढे कॉलेजात एअर विंग मिळाली तर तिथलं 'सी' प्रमाणपत्र, म्हणजे एनसीसीचं सगळ्यात वरचं प्रमाणपत्र, वायुसेनेच्या भरतीत कामाला येतं. एनसीसीत गेलं म्हणजे सैन्यात जावंच लागतं, असं पुष्कळ पालक समजतात. तसं कुठलंही बंधन कायद्यात नाही.

आता आमच्याबद्दल. आमच्याकडे विमान नाही, हे पहिल्या दिवशी मुलांना आणि पालकांना स्पष्ट सांगतो. आमच्याकडे एका शाळेचं मैदान आहे, पावसाळ्यात वापरायला तिथलाच एक वर्ग आहे आणि एक कपाट आहे.

मुलं सकाळी पावणेसातला येतात. कोण गोडोलीतून सायकलवर, कोण कोरेगावहून पहिल्या एसटीनं. सात वाजता फॉल-इन, म्हणजे रांगेत उभं राहायचं. 'सावधान', 'विश्राम', 'दाहिने मुड' हे शब्द एनसीसीतलेच ठेवलेत, म्हणजे तिकडे गेल्यावर मुलांना पुन्हा शिकावं लागत नाही. मग सेक्शन लीडर आपापल्या सेक्शनची हजेरी आणि गणवेश बघतो. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण माझ्या मते सगळ्या उपक्रमाचा जीव तिच्यात आहे. हजेरी आम्ही मोठी माणसं घेत नाही. नववी-दहावीतल्या मुलाकडे किंवा मुलीकडे पाच-सहा लहान मुलं सोपवलेली असतात आणि त्यांची खबर त्यानंच ठेवायची असते. मागे एका सेक्शनमधला मुलगा लागोपाठ दोन रविवार आला नाही. त्याची लीडर म्हणजे नववीतली एक मुलगी. तिनं वहीत नुसतं 'गैरहजर' लिहून सोडलं नाही. शाळेत जाऊन त्याला गाठलं. त्याच्या बुटाचा तळ सुटला होता आणि चप्पल घालून फॉल-इनमध्ये उभं राहायची त्याला लाज वाटत होती. कपाटात मोठ्या मुलांना लहान झालेले बूट आम्ही ठेवतोच. तिनं त्यातला त्याच्या मापाचा जोड काढला, स्वतः पॉलिश केला आणि पुढच्या रविवारी फॉल-इनच्या आधी, कोणी बघत नसताना, त्याच्या हातात दिला. आम्हाला हे कळलं ते महिनाअखेरच्या तिच्या अहवालातून, आणि तिथेही तिनं 'बूट दिले' एवढे दोनच शब्द लिहिले होते. हे शिकवायला माझ्याकडे कुठलाही धडा नाही. जबाबदारी दिली की मुलं हे आपोआप करतात. ज्या गटात मोठी माणसं सगळं स्वतः करतात, तिथे ते होत नाही.

कवायत चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. मग केळं आणि चिक्की, आणि त्यानंतर त्या आठवड्याचं मुख्य काम.

मुलांचा सगळ्यात आवडता रविवार म्हणजे ग्लायडरचा. बाल्साचं हलकं लाकूड पुण्याहून मागवावं लागतं आणि महाग पडतं, म्हणून नवी मुलं जाड कार्डशीट आणि खराट्याची काडी यांवर सुरुवात करतात. बनवायला तासभर पुरतो, खरं शिक्षण उडवताना. तयार ग्लायडर दोन बोटांवर पंखाखाली तोलून बघायचं. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांशावर ते सरळ राहिलं पाहिजे. मग वाऱ्याकडे तोंड करून, खांद्याच्या उंचीवरून, समपातळीत सोडायचं. मुलं हमखास चेंडूसारखं वर फेकतात. नाक उचलून ते क्षणभर थांबलं आणि धपकन खाली आलं, तर शेपूट जड झाली: नाकाला मातीचा छोटा गोळा लावायचा. सरळ नाकावर आपटलं तर माती थोडी काढायची. नियम एकच, एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा. माती लावली, पंखही वाकवला आणि ग्लायडर छान उडालं, तर ते कशामुळे उडालं हे कळणार नाही. विमानाच्या देखभालीत आम्ही नोकरीभर हेच केलं. तेराव्या वर्षी ही सवय लागली, तर पुढे ती मुलगी डॉक्टर झाली काय नि शेती केली काय, तिच्या कामाला येतेच.

या कामात एक फळी वापरतो. तिच्यावर कटर, पक्कड, स्टीलची पट्टी, कात्री यांच्या आकृत्या रंगवल्यात, ज्याची त्याची जागा. काम संपल्यावर सगळ्या आकृत्या झाकल्या गेल्याशिवाय कोणी घरी जात नाही. हँगरमध्येही, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडमध्ये, हीच पद्धत असते, कारण राहिलेला एक पाना विमानाच्या पोटात कुठे जाऊन अडकेल याचा नेम नसतो. आणि सगळ्यात शेवटी मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मुलं खांद्याला खांदा लावून एका ओळीत चालतात, नजर जमिनीवर ठेवून. काच, तार, खिळा, प्लास्टिक, जे दिसेल ते उचलायचं. वायुतळावर धावपट्टी अशीच तपासतात. नव्या मुलांना ही नुसती सफाई वाटते. त्यांना मी २५ जुलै २००० ची पॅरिसची गोष्ट सांगतो. आधी उडालेल्या दुसऱ्या विमानातून पडलेली धातूची एक पट्टी, जेमतेम १७ इंचांची, धावपट्टीवर राहिली. तिनं कॉन्कॉर्ड या प्रवासी विमानाचा टायर फाटला, टायरचा तुकडा इंधनाच्या टाकीवर आदळला आणि ११३ माणसं गेली. त्यानंतर मुलं जमिनीकडे वेगळ्या नजरेनं बघतात.

वाऱ्याचा आणि हवामानाचा वर्ग भौतिकशास्त्राच्या बाई घेतात. विमानतळांवरून निघणारा हवामानाचा अहवाल, ज्याला मेटार म्हणतात, मोबाइलवर कोणालाही बघता येतो. पुण्याचा मेटार फळ्यावर लिहायचा आणि मुलांनी तो उलगडायचा: वारा किती अंशांवरून, त्याचा वेग किती नॉट, ढग किती उंचीवर, दाब किती. मग धावपट्टीचे आकडे. कोल्हापूरची धावपट्टी ०७/२५, म्हणजे होकायंत्रावर एका बाजूनं साधारण ७० अंश आणि उलट बाजूनं २५०. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो आणि विमान वाऱ्याकडे तोंड करून उतरतं, तर ते कुठल्या टोकाकडून उतरेल? चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या ज्यांनी पाहिल्यात ती मुलं हे उत्तर पटकन देतात. त्याच दिवशी रेडिओवरची अक्षरं, म्हणजे प्रत्येक इंग्रजी अक्षरासाठी ठरलेला शब्द, घोकून होतात. दोघांनी पाठीला पाठ लावून उभं राहायचं आणि एकानं आपल्या गावाचं नाव सांगायचं. 'व्हिस्की, अल्फा, इंडिया' म्हटलं की दुसरा ओरडतो, 'वाई!'

एखादा रविवार नकाशा आणि होकायंत्र घेऊन अजिंक्यताऱ्यावर किंवा यवतेश्वराच्या चढावर. परवानगी मिळाली की कधी कराडजवळच्या वारुंजीची धावपट्टी बघायला नेतो. ती कोयना धरणाच्या कामासाठी बांधली होती, हे ऐकून मुलांना नवल वाटतं. जुलै-ऑगस्टमध्ये साताऱ्याचा पाऊस मैदान देतच नाही. तेव्हा प्रथमोपचार, गाठी मारणं आणि इतिहास: जेआरडी टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराची ते मुंबई टपाल कसं आणलं, इथपासून.

सेवेचं काम वर्षभर चालतं, पण ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्याचा कस लागला. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, आणि पाणी ५७ फुटांवर गेलं. आमच्या मुलांना जायचं होतं. आम्ही नाही म्हणालो. अठराच्या आतलं मूल पुराच्या पाण्याजवळ जाणार नाही, हा नियम आम्ही कोणाच्याही भावनेसाठी मोडत नाही. मुलांनी साताऱ्यात बसून मदतीच्या मालाचं वर्गीकरण केलं. फाटके कपडे बाजूला, प्रत्येक खोक्यावर आत काय आणि किती याची चिठ्ठी, सॅनिटरी पॅड आणि मेणबत्त्या वेगळ्या. टेम्पोबरोबर गेलेल्या माणसानं फोन करून सांगितलं की बाकीची गाठोडी तिथे उचकटून बघावी लागली, पण चिठ्ठीवाली खोकी न फोडता थेट ज्या घरांना हवी तिथे गेली.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी लीडरांची बैठक असते. प्रत्येकानं तीन-चार ओळींचा अहवाल वाचायचा. आम्ही मोठे मागच्या बाकावर बसतो आणि विचारल्याशिवाय बोलत नाही. पालकांना या बैठकीला यायची मुभा आहे. मी तर म्हणेन, गट पारखायचा असेल तर कवायतीपेक्षा ही बैठक बघा.

मुलगी आहे म्हणून मनात शंका असेल तर सांगतो. वायुसेनेत २०१६ मध्ये तीन मुली फायटर वैमानिक झाल्या, २०२२ पासून एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, मुली आहेत आणि त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून बाहेर पडली. नागरी वैमानिक व्हायचं असेल तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं आणि व्यावसायिक परवान्याला २०० तासांचं उड्डाण. तो खर्च मोठा आहे, आमच्या गटामुळे त्यातला एक रुपयाही कमी होत नाही. पण दोन वर्षं रविवारी पहाटे उठून येणाऱ्या मुलीला हे खरंच हवंय का, हे तो खर्च करायच्या आधी तुम्हाला कळेल.

गट कुठलाही निवडा, घालण्याआधी तीन गोष्टी विचारा: मुलींबरोबर सहलीला बाई माणूस असतंच ना, वीस-पंचवीस मुलांमागे जबाबदार मोठी माणसं किती, आणि आलेल्या पैशाचा हिशेब पालकांना दाखवतात का. उत्तर द्यायला कोणी आढेवेढे घेतले तर तिथे पाठवू नका.

आमच्याकडे नवी मुलं जूनमध्ये घेतो, शाळा सुरू झाली की. तोवर मुलीला एक वही द्या. रोज सकाळी सातला गच्चीवर जाऊन वारा कुठून येतोय, ढग कसे आहेत, एवढं लिहायला सांगा. चुकलेला दिवस कोरा ठेवायचा, नंतर आठवून भरायचा नाही. येताना ती वही आणा. तिची सेक्शन लीडर आधी तीच मागेल.