तुमचा गळ माझ्या पाण्यात

प्रश्न: मी पहाटे अंधारात उठून तलावावर जातो, अख्खा किनारा मोकळा असतो तेव्हा जागा धरतो. पण मला एखादा मासा लागला की अर्ध्या तासात कोणीतरी येऊन बाजूला खुर्ची टाकतो आणि त्याचा गळ बरोब्बर माझ्या फ्लोटशेजारी (फ्लोट म्हणजे दोरीला लावलेला, पाण्यावर तरंगणारा तुकडा). गेल्या रविवारी तर दोघांच्या दोऱ्यांचा असा गुंता झाला की शेवटी कापाव्या लागल्या, लागलेला मासा गेला तो गेलाच. मी बोललो तर म्हणे, तलाव काय तुझ्या बापाचा आहे का. मी खडूस आहे की तो आगाऊ आहे?

उत्तर: तलाव तुमच्या बापाचा नाही हे आधी मान्य करून टाकू, म्हणजे भांडणातला तेवढा भाग संपला. पण आगाऊ तोच. किनारा सगळ्यांचा असला तरी आधी आलेल्या माणसाने जिथे गळ टाकलाय ते समोरचं पाणी तो उठेपर्यंत त्याचं, हे गळवाल्यांमध्ये कुठेही गेलात तरी चालतं.

आता गंमत अशी आहे की बरेच जण अंतर किनाऱ्यावर मोजतात. दोन खुर्च्यांमध्ये दहा मीटर सोडले की झालं, असं त्यांना वाटतं. पण ६० मीटर लांब गळ फेकताना हात फक्त १० अंश तिरका गेला तर गळ सरळ रेषेपासून साडेदहा मीटर बाजूला पडतो, म्हणजे थेट शेजाऱ्याच्या फ्लोटवरच की! त्यात वारा असला तर दोरीला पोट येतं आणि ती आणखी सरकते. म्हणून काठाजवळच टाकणाऱ्यांना थोडं अंतर चालतं, लांब फेकणाऱ्यांना जास्त लागतं. किनारा आत वळलेला असेल तर अजून वाईट, कारण तिथे दोघांनी अगदी नाकासमोर गळ फेकला तरी दोऱ्या मध्ये जाऊन भेटतात. बाहेर आलेल्या टोकावर उलट, दोऱ्या आपोआप फाकतात. आणि तलाव अरुंद असेल तर समोरच्या काठावरच्या माणसाचं अर्धं पाणी त्याला सोडायचं, मधल्या रेषेपलीकडे फेकायचं नाही, भले मासे तिकडेच उड्या मारत असोत.

पुढच्या वेळी तो खुर्ची उघडायच्या आतच बोला. एकदा बूड टेकलं की माणूस उठत नाही. "माझा गळ त्या वाळलेल्या झाडाच्या रेषेत आहे, तुम्ही त्याच्या डावीकडे टाकाल का?" एवढं पुरतं. खूण दाखवली की वाद होत नाही, "जरा लांब बसा" म्हटलं की होतो (लांब म्हणजे किती हे प्रत्येकाचं वेगळं असतं ना).

एक मात्र तुम्हालाही ऐकवतो. तुम्ही एकटे आणि चार रॉड पंख्यासारखे पसरून बसत असाल, किंवा जागा धरायला नुसती बादली ठेवून तासभर गायब होत असाल, तर तुमची बाजू घ्यायला मी येणार नाही. बादली मासे पकडत नाही.

प्रश्न: मी नवीनच शिकतेय. परवा मुलांना घेऊन गेले तर शेजारचे काका दर दोन मिनिटांनी शू शू करत होते. पाण्याखाली आमच्या गप्पा खरंच ऐकू जातात का?

उत्तर: गप्पा फारशा नाही. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून जवळपास सगळाच परत फिरतो. पण पळणारी पावलं, दगडावर आपटलेला डबा, लाकडी फळीवरच्या उड्या यांची थरथर जमिनीतून सरळ पाण्यात उतरते, आणि पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,४८० मीटर जातो, हवेच्या चौपटीहून जास्त. माशाच्या दोन्ही अंगांवर लांब संवेदनरेषा असते, तिला पाण्यातली बारीकशी हालचालही कळते. त्यामुळे काका चुकीच्या गोष्टीवर चिडले, पण चिडले ते अगदीच उगाच नाही. मुलांना बोलू द्या, पळायला काठापासून मागे न्या. पाण्यात दगड फेकणं तर नकोच, आणि अंधारात हेडलाइट पाण्यावर मारायचा नाही, शेजाऱ्याच्या तोंडावर तर अजिबातच नाही.

अजून एक, शेजाऱ्याशी गप्पा मारायला जाल तर त्याच्या मागून जा, काठाकाठाने नको. माशाला पाण्यातून वरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं, साधारण ९७ अंशांच्या, आणि काठावर ताठ उभा माणूस त्यात बसलेल्यापेक्षा लवकर येतो. आणि मागून जातानाही आधी हाक मारा, तो गळ फेकायला रॉड मागे नेत असेल तर हुक तुमच्या कानात.

प्रश्न: शेजाऱ्याला मोठा मासा लागला तर मी काय करायचं? मदतीला धावलो तर तो माझ्यावरच ओरडला.

उत्तर: जाळी घेऊन धावलात ना? तेच चुकलं. आधी आपली दोरी गुंडाळून घ्यायची, लगेच, कारण मोठा मासा आडवा पळतो आणि तुमच्या दोरीत शिरला की दोघांचंही नुकसान. मग जागेवरूनच विचारा, "जाळी धरू का?" नाही म्हणाला तर हात मागे. हो म्हणाला तर जाळी आधी पाण्यात बुडवून स्थिर धरा, मासा त्याला तिच्यावर आणू दे, माशामागे जाळी फिरवलीत की तो शेवटचा झटका देतो आणि मग तो सुटला तर पुढची दहा वर्षं तो किस्सा तुमच्या नावाने सांगितला जाईल. फोटो काढायचा असेल तर तोही विचारूनच, आणि मागची झाडं-खडक दिसतील असा फोटो सगळीकडे टाकू नका, पुढच्या रविवारी त्या जागेवर दहा जण बसलेले असतील आणि मला पहिल्या प्रश्नासारखी अजून दहा पत्रं येतील.