हाडांचा थर दिसला म्हणून लगेच जनावरं पुरात मेली म्हणू नका

भाऊ, तापीच्या गाळात हाडं दिसली तर उचलण्याआधी होकायंत्राने लांब हाडांच्या दिशा नोंदवा. बहुतेक एकाच रेषेत असतील तर पाण्याने लोटलीत. जनावरं तिथंच मेली असं धरू नका. मणके-फासळ्या गायब, नुसते जबडे उरलेत? तिथंही पाण्याचीच शंका घ्या. मग दातांवरून वयं लावा: पिल्लं आणि म्हातारीच जास्त असतील तर मरणं वर्षानुवर्षं साचलेली, ऐन उमेदीतलीही भरपूर असतील तर बहुधा एकदम.

कारण मात्र हाडांवर उमटेलच असं नाही. 2015 च्या मेमध्ये कझाकस्तानात दोन लाखांवर सायगा हरणं काही आठवड्यांत मेली, आपल्या गुरांना होतो त्या घटसर्पाने! तो हाडावर खूण ठेवत नाही. शिवाय कळप विणीला जमलेले, म्हणून माद्या-पिल्लंच जास्त. अशा थरात नर कमी दिसले तर आधी ऋतू विचारात घ्या.