बाळंतपणानंतर लगेच तांबी: होकार आठव्या महिन्यातच द्या

तुम्ही डिचोलीहून विचारलंय: आठवा महिना, थोरला जेमतेम दीड वर्षाचा, डॉक्टर म्हणतात बाळंत झाल्याबरोबर तांबी बसवू, आणि सासूबाई म्हणतात दूध आटेल, तांबी काळजापर्यंत चढेल. वीसेक वर्षं लेबर रूममध्ये नर्स होते, म्हणून लिहिते.

दूध आटत नाही. तांबीत (कॉपर-टीत) हार्मोन नसतं, नुसता प्लॅस्टिकचा छोटा T आणि त्यावर तांब्याची तार. गर्भाशयाला भोक पाडून बाहेर जाणं फार क्वचित, आणि गेली तरी काळजापर्यंत नाही. खरी अडचण उलटी आहे, ती खाली येते. बाळंतिणीचं गर्भाशय आकसत असतं, त्यामुळे सहा आठवड्यांनी बसवलेल्या तांबीपेक्षा ही पडण्याची शक्यता जास्त. एक बाई सव्वा महिन्याच्या बाळाला खांद्यावर टाकून आली होती. मुठीतला कागद उलगडून म्हणाली, "सिस्टर, हें पडलें." न्हाणीत दिसली म्हणून कळलं तरी; सगळ्यांनाच कळतं असं नाही. तेव्हा सहाव्या आठवड्याची तपासणी बारशाच्या गडबडीत चुकवू नका. सिझेरियननंतर तांबीला बांधलेला दोरा तपासणीत कधीकधी दिसतच नाही. घाबरू नका, सोनोग्राफीत कळतं.

बसवायची उत्तम वेळ म्हणजे वार पडल्यापासून 10 मिनिटं. ती हुकली तर 48 तासांच्या आत, तेही गेलं तर सहा आठवडे थांबा. सिझेरियनमध्ये गर्भाशय शिवण्याआधीच आत ठेवतात. पाणी जाऊन 18 तास उलटले, ताप आला किंवा रक्तस्राव थांबत नसला तर बसवत नाहीत. तेव्हा हट्ट नको.

म्हणून होकार आत्ताच कार्डावर लिहून घ्या. कळा येत असताना बाईपुढे कागद धरून सही मागताना मी पाहिलंय (इस्पितळाचं नाव नको). तिला काय बसवलं ते तिला दुसऱ्या दिवशी कळलं. त्याला मी संमती म्हणत नाही.

तांबीचे दोन प्रकार: 380ए 10 वर्षं चालते, 375 पाच. कुठली बसवणार ते विचारा. मूल हवं झालं की काढायची, पुढच्याच महिन्यात दिवस राहू शकतात. सुरुवातीला पाळी जास्त जाते, रक्त कमी असेल तर आधी सांगा. तांबी नकोच असेल तर दर तीन महिन्यांनी घ्यायचं गर्भनिरोधक अंतरा इंजेक्शन आहे, पण अंगावर पाजणारीला ते सहा आठवड्यांनंतर. सरकारी इस्पितळात दोन्ही फुकट.

सासूबाईंना पुढच्या तपासणीला बरोबर न्या आणि डॉक्टरांकडून तांबी त्यांच्या तळहातावर ठेवून घ्या. साडेतीन सेंटिमीटरची आहे.